मनात बाजार भरतो, तेव्हा प्रार्थना कशी करायची?

मौन प्रार्थनेविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी सात प्रश्न या वेळी घेतले आहेत. शब्दांची प्रार्थना आपल्या घराघरात आहे: जपमाळ, उपासना, रात्रीची कौटुंबिक प्रार्थना. पण शब्द थांबल्यावर देवासमोर नुसते बसायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे फारसे कुणी शिकवत नाही. म्हणून उत्तरे शक्य तितकी तपशीलवार दिली आहेत.

प्रश्न : पहाटे पाचला उठून मौन प्रार्थनेला बसते. दोन मिनिटांत डबा, मुलांची फी, ऑफिसातले राहिलेले काम असे सगळे डोक्यात फिरू लागते. मन रिकामे होतच नाही. माझे काय चुकते? (वसई)

ताई, तुमचे चुकत काहीच नाही. चुकली आहे ती अपेक्षा. मन रिकामे करणे हे या प्रार्थनेचे काम नाही. जाग्या माणसाच्या मनात विचार येणारच, जसे उघड्या खिडकीतून रस्त्यावरचे आवाज येतात. विचारामागे गेलो आहोत हे ध्यानात आले की देवाकडे परत वळायचे, एवढेच आपल्या हाती असते. वीस मिनिटांत पन्नास वेळा वळावे लागले, तर ती पन्नास वळणे हीच त्या दिवशीची प्रार्थना.

बसण्याची रीत अशी. उठल्याबरोबर बसू नका. तोंड धुवा, घोटभर पाणी प्या. एका कागदावर दिवसभराची कामे मिनिटभरात लिहून टाका आणि कागद उपडा ठेवा. निम्मा बाजार तिथेच उठतो. साध्या खुर्चीत बसा, पाठ टेकली तरी चालेल, पण मान मोकळी हवी आणि दोन्ही पावले जमिनीला टेकलेली हवीत. घड्याळाचा गजर दहा मिनिटांवर लावा. मोबाइलच वापरणार असाल तर तो आधी ‘एअरप्लेन मोड’वर टाका, नाहीतर गजराआधी शाळेच्या ग्रुपवरचा निरोप येतो.

मग एक छोटा शब्द घ्या: येशू, अब्बा (म्हणजे बाबा), प्रभो. ‘प्रभो, मी इथे आहे, तू माझ्यात जे करशील त्याला माझा होकार आहे’ अशा अर्थाचे एक वाक्य हळू आवाजात म्हणा आणि डोळे मिटा. शब्द मनात एकदा, कापसासारखा हलका ठेवा. तो सतत म्हणत राहायची गरज नाही. विचारामागे गेलात असे कळले की शब्द पुन्हा एकदा. गजर झाल्यावर लगेच उठू नका. दोन मिनिटे तसेच बसा आणि प्रभूची प्रार्थना नेहमीच्या निम्म्या वेगाने म्हणा. ही दोन मिनिटे गाळली की माणूस चिडचिडा होऊन स्वयंपाकघरात शिरतो, हे अनेकांच्या बाबतीत दिसते.

ही पद्धत १९७०च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्पेन्सर येथील ट्रॅपिस्ट मठात विल्यम मेनिंजर, बॅसिल पेनिंग्टन आणि थॉमस कीटिंग या संन्याशांनी आजच्या रूपात मांडली. त्यांचा आधार होता चौदाव्या शतकातला एक निनावी इंग्रजी ग्रंथ, ‘द क्लाउड ऑफ अननोइंग’. ते दिवसातून दोनदा वीस-वीस मिनिटे सांगत. तुम्ही पहिल्या आठवड्यात दहा मिनिटांनी सुरुवात करा. दर आठवड्याला दोन मिनिटे वाढवली तर सहाव्या आठवड्यात वीस होतात. दुसरी बैठक जमत नसेल तर एकच करा, पण रोज.

कुठे घसरते तेही सांगतो. बसल्या बसल्या शब्द बदलणे ही पहिली चूक. कोणता शब्द बरा, हाही एक विचारच. दुसरी, ‘आता शांत वाटतेय का’ हे तपासत राहणे. तिसरी फसवी असते: चांगले विचार. वचनाचा नवा अर्थ सुचतो, आजारी शेजारणीसाठी काय करावे ते सुचते आणि वाटते, हे तर देवानेच दिले. असेल. पण जे खरोखर त्याच्याकडून आले आहे, ते वीस मिनिटांनंतरही राहते. आणि विचार फारच झोंबू लागले, तर त्या जुन्या ग्रंथातली एक युक्ती करून पाहा: विचारांशी झुंजू नका, त्यांच्या खांद्यावरून पलीकडे पाहा, जणू गर्दीमागे उभ्या असलेल्या कुणाला तरी शोधत आहात.

प्रश्न : आमच्या मंडळीतील काही जण म्हणतात, एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणणे ही मत्तय ६:७ मधली व्यर्थ बडबड आहे, आणि हा जप म्हणजे दुसऱ्या धर्माची उसनवारी आहे. (नाशिक)

मत्तय ६:७ नीट वाचा. पुष्कळ बोलल्याने देव ऐकेल, या समजुतीला प्रभू तिथे नावे ठेवतो. तोच प्रभू गेथशेमाने बागेत तिसऱ्यांदा प्रार्थनेला गेला तेव्हा पुन्हा तेच शब्द बोलला, असे मत्तय २६:४४ सांगते. १३६ व्या स्तोत्रात सव्वीस वचने आहेत आणि सव्वीसही वचनांत देवाच्या सनातन दयेचे तेच पालुपद येते.

उसनवारीचे म्हणाल तर पाचव्या शतकाच्या आरंभी जॉन कॅसियन याने इजिप्तच्या वाळवंटातील संन्याशांची शिकवण लिहून ठेवली. ७० व्या स्तोत्राचे पहिले वचन, ‘हे देवा, माझ्या साहाय्यास धावून ये’ या अर्थाचे, उठता-बसता, जेवता-चालता, झोप लागेपर्यंत ओठांवर ठेवावे असे त्यात आहे. ही आपलीच जुनी ठेव आहे.

दुसरी बाजूही लपवू नये. विसाव्या शतकातले बेनेडिक्टाइन संन्यासी जॉन मेन हे शब्दध्यान पहिल्यांदा शिकले ते मलायात (आजच्या मलेशियात), एका हिंदू स्वामींकडून. पुढे कॅसियन वाचताना त्यांना तीच वाट आपल्या परंपरेत सापडली. त्यांनी सुचवलेला ‘मारानाथा’ हा शब्द १ करिंथ १६:२२ मधला आहे. अरामी भाषेत त्याचा अर्थ ‘प्रभो, ये’. त्यांच्या रीतीत मात्र तो मा-रा-ना-था असा चार सारख्या मात्रांत बैठकभर चालू ठेवायचा असतो. वरच्या उत्तरातली रीत वेगळी. दोन्हींची सरमिसळ करू नका.

व्हॅटिकनने १९८९ साली ख्रिस्ती ध्यानाविषयी बिशपांना पत्र लिहिले. इतर धर्मांच्या पद्धतींतले उपयुक्त ते घेता येईल, पण ख्रिस्ती प्रार्थनेचे स्वरूप ढळता कामा नये, आणि शरीराला मिळालेला निवांतपणा म्हणजे पवित्र आत्म्याचे सांत्वन असे समजू नये, हा त्याचा आशय. आम्हाला तो इशारा योग्य वाटतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगात गाइली तेव्हा छंद महाराष्ट्राचा होता आणि ज्याला हाक मारली तो ख्रिस्त होता. तुमच्या मंडळीतल्या शंकेलाही हीच कसोटी लावा: हाक कुणाला आहे?

प्रश्न : वय चौऱ्याहत्तर. गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, आणि खुर्चीत डोळे मिटले की डुलकी लागते. अशा प्रार्थनेचा काय उपयोग? (पुणे)

आजी, खुर्ची हा कमीपणा नाही, तेव्हा गुडघे सोडून द्या. डुलकीसाठी तीन गोष्टी करून पाहा. जेवणानंतरची वेळ टाळा. अंघोळ झाल्यावर, नाश्त्याआधी बसा. डोळे पूर्ण मिटू नका, समोर दिवा किंवा क्रूस ठेवून नजर खाली झुकलेली ठेवा. वीस मिनिटांऐवजी सात-सात मिनिटे तीनदा बसा. एवढे करूनही झोप लागली तर लागू द्या. लिझ्यूची संत तेरेजा प्रार्थनेत झोपी जाई आणि त्याचे तिला वाईट वाटत नसे. झोपलेली लेकरेही आईबापांना तितकीच लाडकी असतात, असे ती म्हणे. पहाटे तीनला जाग आली आणि पुन्हा डोळा लागेना, तर ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ एवढेच एका श्वासाला एकदा, पडल्या पडल्या म्हणत राहा.

प्रश्न : विरार लोकलने रोज चर्चगेटला जातो. घरी एकांत नाही. गाडीत उभ्या उभ्या काही करता येईल का? (नालासोपारा)

येईल, आणि त्यासाठी पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चने जपलेली येशू-प्रार्थना सगळ्यांत सोयीची. ‘हे प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.’ मंदिरातला जकातदार (लूक १८:१३) आणि यरीहोच्या रस्त्यावरचा आंधळा बार्तीमय (मार्क १०:४७), या दोघांच्या हाका तिच्यात एकत्र आल्या आहेत. गर्दीत उभ्या असलेल्या आंधळ्याची हाक गर्दीतल्या माणसाला शोभतेच.

श्वास आत घेताना ‘देवाच्या पुत्रा’पर्यंत, सोडताना ‘मज पाप्यावर दया कर’. ओठ मिटलेले. श्वास नेहमीचाच ठेवा. लांबवू नका, रोखू तर मुळीच नका. ग्रीसमधल्या ॲथोस पर्वतावरच्या मठांच्या परंपरेत श्वासाच्या आणि बसण्याच्या खास रीती आहेत, पण त्या गुरूच्या नजरेखाली शिकायच्या असतात. पुस्तकात वाचून केल्या की छातीत धडधड, गरगर सुरू होते. तसे झाले तर श्वासाचा नाद सोडा, फक्त शब्द ठेवा.

मोजायला शंभर किंवा तेहतीस गाठींची दोरी असते. गर्दीत ती काढता येणार नाही. बोटांची पेरे आहेतच: चार बोटांची बारा पेरे, अंगठ्याने मोजा, तीन फेऱ्यांत छत्तीस. बसायला जागा नसेल आणि एक हात कडीला असेल, तरी दुसरा मोकळा असतो. मोजणी देवासाठी नसते, भरकटलेल्या मनाला खुंटी हवी म्हणून असते. नायगाव सुटले की मोजणी थांबवा. भाईंदर येईपर्यंत, गाडी खाडीच्या पुलावर असते तेवढा वेळ, नुसते प्रभूसमोर उभे राहा. मीरा रोडपासून पुन्हा सुरू करा. रोज तीच जागा ठेवली की महिनाभरात शरीरच आठवण करून देऊ लागते.

दाराशी उभे असाल तर डोळे उघडे ठेवा. कानात काही घालू नका, भजनेसुद्धा नकोत. आणि कुणी धक्का दिला, शिवी दिली, तर त्या एका फेरीपुरते ‘मज पाप्यावर’च्या जागी ‘आम्हा दोघांवर’ म्हणा. हे करायला अवघड आहे; सुरुवातीला जमले नाही तरी प्रयत्न सोडू नका.

प्रश्न : मी संडे स्कूलमध्ये शिकवते. बायबल रोज वाचते, पण वाचता वाचता डोक्यात पाठाची तयारीच सुरू होते. वचनातून मौनाकडे कसे जायचे? (अहिल्यानगर)

शिकवणाऱ्यांना ही अडचण हमखास येते, कारण तुम्ही दुसऱ्यांसाठी वाचायला सरावला आहात. म्हणून पहिला नियम: येत्या महिन्यात शिकवायचा उतारा प्रार्थनेसाठी घ्यायचा नाही, आणि हातात पेन्सिल धरायची नाही.

बाराव्या शतकात गिगो दुसरा नावाच्या कार्थुसियन संन्याशाने वाचन, मनन, प्रार्थना आणि दर्शन अशी चार पायऱ्यांची शिडी सांगितली. पंचवीस मिनिटांत ती अशी बसवा. उतारा फक्त सहा-सात वचनांचा घ्या. अख्खा अध्याय घेतला की अभ्यास सुरू होतो. मार्क १०:४६-५२ घेऊ. पहिल्यांदा मोठ्याने, बोलण्यापेक्षा हळू वाचा. दुसऱ्यांदा वाचताना जिथे अडखळाल तिथे थांबा. समजा, बार्तीमयाने आपले वस्त्र टाकून उडी मारली, त्या ठिकाणी थांबलात. मग पुढे जायचेच नाही. मननाची सात-आठ मिनिटे तेवढाच तुकडा मनात घोळवा, गाय रवंथ करते तसा. भिकाऱ्याचे ते वस्त्र म्हणजे त्याचे अंथरूण, पांघरूण, कदाचित पैसे गोळा करायची जागाही. माझ्या खांद्यावर तसे काय आहे?

इथे बहुतेक जण थांबतात, कारण उत्तर सापडले की समाधान वाटते. थांबू नका. जे सापडले ते प्रभूला सांगा, ‘मी’ आणि ‘तू’ अशा भाषेत, आईशी बोलावे तसे. पाच मिनिटे पुरे. नंतर बोलणेही संपते. उरलेली दहा मिनिटे काहीच करायचे नाही. मन पळाले तर ‘वस्त्र टाकून’ एवढे दोन शब्द आठवायचे. ही दहा मिनिटे कोरडी, वाया गेल्यासारखी वाटतील आणि हात पुन्हा पुस्तकाकडे जाईल. तो हात आवरणे हाच तुमचा अभ्यास. पायऱ्या रोज याच क्रमाने येतील असेही नाही. कधी पहिल्या वाचनातच शब्द गळून पडतात, तेव्हा उरलेला उतारा सोडून द्यावा.

प्रश्न : दोन वर्षे नेमाने बसतो. पहिले वर्ष गोडीचे गेले. आता सहा महिने काहीच नाही, दगडासमोर बसल्यासारखे वाटते. देव रुसला का? (मिरज)

देव रुसत नाही. पण कोरडेपणाची कारणे तीन असू शकतात आणि तिन्हींचे औषध वेगळे आहे, म्हणून आधी ती वेगळी करू.

सोळाव्या शतकातला स्पॅनिश कार्मेलाइट संन्यासी, क्रूसाचा संत योहान, याने तीन खुणा दिल्या आहेत. देवाच्या गोष्टींत गोडी नाही, तशीच जगाच्या गोष्टींतही नाही. आपण देवाची सेवा करत नाही, मागे पडतो आहोत, अशी रुखरुख मनाला सतत लागलेली आहे. आणि पूर्वीसारखे कल्पनेने, विचाराने मनन करायला गेले तरी जमतच नाही. तिन्ही एकत्र असतील तर देव माणसाला दूध तोडलेल्या बाळासारखे पुढच्या अन्नाकडे नेत आहे, असे तो म्हणतो. अशा वेळी जुने मनन ओढूनताणून करू नये. प्रेमाने, नुसते लक्ष देऊन बसावे, काही घडत नसले तरी.

प्रार्थनेतच गोडी नाही, पण मालिका, मोबाइल, गप्पा यांत पूर्वीइतकीच रंगत आहे, तर ती ढिलाई. गेल्या सहा महिन्यांचे दिवस तपासा: बैठक उशिरा ढकलली गेली का, एखादे भांडण मिटवायचे राहिले का, मिस्सा किंवा उपासना चुकू लागली का. तिथे दुरुस्ती करा.

तिसरे कारण त्या संतालाही ठाऊक होते. उदासी किंवा प्रकृतीच्या बिघाडामुळेही गोडी जाते, असे त्याने स्पष्ट लिहिले आहे. झोप, भूक, कामातला रस हे सगळेच दोन आठवड्यांहून अधिक काळ गेले असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर ती त्या संताने सांगितलेली ‘काळोखी रात्र’, म्हणजे देवानेच आणलेला कोरडेपणा, आहे असे स्वतःच ठरवू नका. डॉक्टरांना भेटा, आणि जगणे नकोसे वाटत असेल तर आजच. औषध घेणे म्हणजे विश्वास कमी पडणे नव्हे.

त्याच काळातल्या आविलाच्या संत तेरेजेने प्रार्थनेला बागेच्या पाण्याची उपमा दिली आहे. आधी विहिरीतून बादलीने शेंदायचे, मग रहाटाने, मग ओढ्याचे पाणी पाटाने, आणि शेवटी पाऊस. वसईच्या वाडीत रहाट पाहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको: रहाटाचे पाणी जास्त आणि कष्ट कमी, पण विहीर आटली तर रहाटही रिकामाच फिरतो. तेव्हाही माळ्याने बागेत यायचे सोडू नये, असे ती सांगते. ती स्वतः कित्येक वर्षे, तास कधी संपतो याकडेच कान लावून बसे. आणि अठरा वर्षे तिला पुस्तक हाताशी असल्याशिवाय प्रार्थनेला बसायचा धीर होत नसे, बहुतेक वेळा ते नुसते जवळ असले तरी पुरे. तुम्हीही स्तोत्रसंहिता मांडीवर ठेवा. बैठकीची वेळ वाढवू नका, कमीही करू नका. वीस मिनिटे ठरली असतील तर वीसच. एकोणिसाव्या मिनिटाला उठायची सवय लागली की ती दहावर येते.

प्रश्न : मौनात बसले की लहानपणीचा एक वाईट प्रसंग वर येतो. रडू आवरत नाही, नंतर दिवसभर हात थरथरतात. हे पापाचे लक्षण आहे का? प्रार्थना सोडू का? (नागपूर)

पापाचे लक्षण मुळीच नाही. दिवसभराच्या आवाजाखाली दाबलेले दुखणे शांततेत वर येते. थोडे रडू येऊन हलके वाटत असेल तर काळजी नको. पण हात थरथरणे, दिवसभर तो प्रसंग डोळ्यांसमोर राहणे, म्हणजे हे ओझे एकटीने उचलण्यासारखे नाही. मिटल्या डोळ्यांची बैठक सध्या थांबवा. प्रशिक्षित समुपदेशकाकडे जा, आणि प्रार्थनेपुरते तुमच्या धर्मगुरूंना, पाळकांना किंवा एखाद्या अनुभवी सिस्टरना सांगा. ‘क्षमा करून टाक, संपले’ असे कुणी घाईने म्हणाले, तर ती व्यक्ती या कामासाठी योग्य नाही, दुसरी शोधा. तो प्रसंग आठवत असताना अंग थरथरू लागले तर डोळे उघडा, पावले जमिनीवर दाबा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावे मोठ्याने घ्या.

प्रार्थना सोडावी लागत नाही; तिची जागा बदला. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा साधा सेवक स्वयंपाकघरात काम करी, आणि भांड्यांच्या खडखडाटातही देवासमोर असल्याचे त्याला उमगे. तुम्ही डोळे उघडे आणि हात कामात ठेवून सुरुवात करा. गॅसवर दूध ठेवले की ते वर येईपर्यंत तिथेच उभ्या राहा. हाताने ओट्याचा थंड दगड धरा, नजर दुधावर ठेवा आणि ‘प्रभो, तू इथे आहेस’ एवढेच म्हणा. दूध वर आले की गॅस बंद करा, प्रार्थनाही तिथेच थांबवा. सध्या दिवसातून एकदा एवढे पुरेसे आहे.